जावातल्या गावची जमीन: गिरिकवरून सर्टिफिकेट

इंडोनेशियात गिरिक म्हणजे जुन्या करवसुलीचा कागद, मालकीचा नव्हे. आपल्या सातबाऱ्यासारखीच गफलत इथेही होते. आधी देसा (गाव) कचेरीत 'लेटर सी' या जमिनीच्या वहीतली नोंद गिरिकशी ताडून घ्या. कागद अपुरे असतील तर सलग 20 वर्षांचा ताबा आणि 2 साक्षीदार लागतात.

खरी मेख हद्दीत. शेजाऱ्यांना बांधावर बोलवा, सगळ्यांसमक्ष खुणा रोवा: किमान 5 सेंटिमीटर व्यासाचा, 1 मीटरचा लोखंडी पाइप, 80 सेंटिमीटर जमिनीत, वरचा भाग लाल. एकाही शेजाऱ्याची सही राहिली, तर काम रखडू शकते. मग सर्टिफिकेटसाठी भूमी कार्यालयात अर्ज. स्वतंत्र अर्जावर हरकतींसाठी 30 दिवस जाहीर नोटीस लागते. परदेशी माणसाला 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी हक्क, मिळत नाही. स्थानिकाच्या नावावर घेण्याची पळवाट तर मुळीच नको, तो व्यवहारच रद्दबातल ठरतो.