ऑनलाइन लेक्चर घ्यायचंय? आधी पोरं कुठं बसतात ते विचारा

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा सगळ्यांनीच रातोरात ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली, पण शिकवायचं कसं हे कुणी नीट सांगितलंच नाही. आता पावसानं कॉलेज बंद पडलं, दूरशिक्षणाचे तास लागले नाहीतर पोर्शन मागं राहिला की "सर, ऑनलाइन घेऊन टाका" असा निरोप येतोच. मी बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवतो म्हणून उदाहरणं त्यातलीच देतोय, पण विषय कुठलाही असू दे, अडचणी त्याच असतात. नवीन लागलेल्या, त्यातही सीएचबीवरच्या (तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या) सर-मॅडमना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

झूम घ्यायचं की मीट हे नंतर बघू. आधी पोरांना चार गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा. गाव कुठलं, फोन स्वतःचा का घरात मिळून एकच, रेंज घरात येते का बाहेर जावं लागतं, आणि घरचं काम कुठल्या वेळेला असतं. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात, म्हणजे कोल्हापूर शहरात राजारामपुरीत वायफायवर बसलेला पोरगा आणि गगनबावड्याकडं किंवा राधानगरीच्या आतल्या वाडीत टेकाडावर जाऊन रेंज शोधणारी पोरगी एकाच वर्गात असू शकतात. तास त्या पोरीला झेपेल असा आखायचा, बाकीच्यांना तो झेपतोच.

वेळेचं पण तसंच. सकाळी सातला लेक्चर ठेवलं की निम्मी पोरं धार काढून डेअरीत दूध घालायला गेलेली असतात आणि संध्याकाळी परत तेच. साधारण दहा ते बारा बरं पडतं. रात्री साडेआठनंतर पोरगे मोकळे असतात खरं, पण ज्या मुलींना रेंजसाठी घराबाहेर जावं लागतं त्यांना ती वेळ चालतच नाही आणि त्या वर्गात तसं बोलूनही दाखवत नाहीत, म्हणून मुलींना वेगळं विचारा.

आता ॲप. फुकटातलं झूम 40 मिनिटांत बंद होतं, फुकटातलं मीट ग्रुप असला की तासाभरात. माझं मत विचाराल तर 40 मिनिटंसुद्धा जास्तच होतात, 25 मिनिटं शिकवा, 10 मिनिटं प्रश्नांना द्या आणि सोडा. व्हिडिओ चालू ठेवा असा हट्ट करू नका, दीड जीबीच्या पॅकवर घरातली दोन भावंडं शिकत असतात आणि काहींना मागं दिसणारं घर दाखवायचं नसतं, तो त्यांचा हक्क आहे. हजेरी चॅटमधल्या उत्तरावरून घ्या.

फळ्यासाठी महागडा टॅब लागत नाही. टेबलाच्या कडेला पुस्तकांचा ढीग करायचा, त्यावर फोन असा ठेवायचा की कॅमेरा कडेबाहेर येऊन खाली बघेल, फोनवर एक जड पुस्तक, आणि खाली कोरा कागद. पेन जाड काळं घ्या, अक्षर नेहमीच्या दुप्पट काढा आणि एका कागदावर एकच गणित. हात उजेडाच्या आड येत नाही ना ते आधी एकदा बघून घ्या. लाईट गेली तर म्हणून इन्व्हर्टर नसेल तरी निदान दुसरा चार्ज केलेला फोन आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या.

सगळ्यात जास्त मेहनत प्रश्नांवर घ्या. "समजलं का?" विचारलं की चॅटवर "यस सर" ची रांग लागते आणि त्यातनं काहीच कळत नाही. त्याऐवजी असं विचारायचं की चुकीचं उत्तर आलं तरी कुठं अडलं ते दिसेल. म्हणजे बघा, गुऱ्हाळाचा चरक 1,00,000 रुपयांना घेतला, घटत्या शिल्लक पद्धतीनं, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, 10 टक्के घसारा (वापरानं कमी होणारी किंमत), तर तिसऱ्या वर्षीचा घसारा किती? बरोबर उत्तर 8,100. ज्यानं 10,000 लिहिलं तो दरवर्षी मूळ किमतीवरच काढतोय, 9,000 लिहिणारा दुसऱ्या वर्षावर थांबला, आणि 72,900 लिहिणाऱ्याला गणित जमलंय फक्त त्यानं घसाऱ्याऐवजी शिल्लक दिली. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत हे एका मिनिटात कळतं, वर्गात समोर बसलेली असतात तेव्हासुद्धा इतक्या लवकर कळत नाही.

तास संपला की त्याच दिवशी पाच-सात मिनिटांची व्हॉइस नोट आणि त्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. ज्याला रेंज मिळाली नाही तो रात्री एसटी स्टँडवर नाहीतर दुकानापाशी येऊन एवढं तरी डाउनलोड करतो. पूर्ण रेकॉर्डिंग यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवा, पोरं 144 वर, म्हणजे सगळ्यात कमी क्वालिटीवर लावून ऐकतात. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला आधी फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो, ते काम आदल्या दिवशीच उरकून घ्या.

पावसाळ्यात टेस्ट ठेवायच्या आधी कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, पण पाणी 39 कडं सरकायला लागलं की नदीकाठची घरं जनावरं आणि सामान हलवायच्या मागं लागतात. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या घरातलं पोरगं त्या दिवशी पेपर सोडवणार नाही, तारीख पुढं ढकला आणि त्याच्याकडं कारणाचा पुरावा मागू नका.

जो सलग दोन लेक्चरला दिसला नाही त्याला फोन करा, ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका. बऱ्याच वेळा फोन बिघडलेला असतो नाहीतर रिचार्ज संपलेलं असतं, आणि हे ग्रुपवर सांगायची लाज वाटते. शेजारच्या गावातल्या वर्गमित्राशी जोड लावून दिली की निम्मी गळती थांबते.

परीक्षेत कॉपी होणार म्हणून कॅमेऱ्यानं पहारा ठेवत बसण्यापेक्षा आकडे बदला. चरकाची किंमत म्हणजे 1,00,000 अधिक रोल नंबर गुणिले 1,000 असं सांगितलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, तपासायला एक्सेलमध्ये एकदा फॉर्म्युला लावायचा. नंतर प्रत्येकाला दोन मिनिटं साधा फोन लावा, नेट लागत नाही, आणि त्याच्या उत्तरातली एक ओळ उचलून विचारा, हा आकडा कुठनं आला ते सांग. ज्यानं स्वतः सोडवलंय तो अडखळत का होईना पण सांगतो, त्याला पूर्ण मार्क द्या.