दीडशे अक्षरांत काय लिहाल? अमेरिकी कॉलेजसाठी उपक्रमांची यादी अशी तयार करा

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाणाऱ्या मुलाला अकरावी-बारावीत मार्कांपलीकडे काय केलंस, असं सहसा कुणी विचारत नाही. सीईटी किंवा नीटचा स्कोअर, गुणवत्ता यादी, कॅप राउंड, की झालं. त्यामुळे तोच मुलगा अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायला बसतो आणि ‘उपक्रम’ या पानावर येऊन अडतो. अनेक घरांत मग सर्टिफिकेटांची फाइल काढली जाते आणि तिच्यातलं सगळं क्रमाने उतरवलं जातं. तिथेच यादी कमजोर होते, कारण वाचणाऱ्याला तुम्ही काय मिळवलं याइतकंच, किंबहुना जास्त, तुम्ही काय करत होतात हे हवं असतं.

पुष्कळ कॉलेजांचे अर्ज ‘कॉमन ॲप’वर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवता येणाऱ्या वेबसाइटवर, भरले जातात, म्हणून तोच साचा धरून चालू. तिथे जास्तीत जास्त १० उपक्रम देता येतात. प्रत्येकात तुमची भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत आणि कामाचं वर्णन १५० अक्षरांत लिहायचं असतं. मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामही या मोजणीत येतात. शिवाय कोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही सांगावं लागतं.

आधी सगळं कागदावर काढा

अर्ज उघडण्याआधी एक वही घ्या आणि नववीपासून आजपर्यंत शाळा-क्लासच्या तासांबाहेर जे जे केलं ते लिहा. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती किंवा सहावीतली होमी भाभा परीक्षा कितीही अभिमानाची असली तरी इथे नको. ही यादी नववी ते बारावीची आहे.

या टप्प्यावर चाळणी लावू नका. एनसीसी, वादविवाद, क्रिकेट हे आठवतंच. सुटतं ते घरचं. संध्याकाळी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसणं, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं औषधपाणी, धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, सुगीत शेतावर राबणं. कॉमन ॲपमध्ये उपक्रमाचा प्रकार निवडताना ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असे स्वतंत्र पर्याय आहेत. मराठी घरांतली मुलं हे लिहायला संकोचतात, याचं मला फार वाईट वाटतं. रोज दोन तास आजीजवळ बसणारी मुलगी एका दिवसाच्या वृक्षारोपणाचं प्रमाणपत्र वर ठेवते आणि आजीचा उल्लेखही करत नाही. तिने हा क्रम उलटा करावा.

उपक्रम आणि पुरस्कार वेगळे करा

कॉमन ॲपमध्ये सन्मानांसाठी वेगळा विभाग आहे, त्यात पाचपर्यंत नोंदी बसतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ उत्तीर्ण होणं तिकडे जाईल. रोजचा रियाझ, गुरूंकडची तालीम, नवशिक्यांना अलंकार शिकवणं हे उपक्रमांत. आणि ‘मध्यमा पूर्ण’ म्हणजे काय हे बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला कळणार नाही. ‘हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाची विशारदच्या आधीची परीक्षा’ असं लिहिलं की कळेल. इंटरमिजिएट ड्रॉइंग, एनसीसीचं ‘ए’ सर्टिफिकेट, स्काउटचा राज्य पुरस्कार, सगळ्यांना हाच नियम लावा.

आता एक नोंद जवळून पाहू

समजा, पुण्यातला एक मुलगा ढोल-ताशा पथकात आहे. त्याचा पहिला खर्डा बहुधा असा असतो: ‘मी ढोल-ताशा पथकाचा सदस्य आहे. गणेशोत्सवात वादन केले. यातून टीमवर्क आणि नेतृत्वगुण शिकायला मिळाले.’

यातून वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. ‘सदस्य’ तर पथकातले सगळेच असतात. मग त्याला विचारायचं: सरावाला पोचल्यावर तू पहिल्यांदा काय करतोस? उत्तर येतं की ढोल आवळतो, फाटलेली पानं (ढोलाचे पडदे) बदलतो, नवीन आलेल्या मुलांचे हात (वादनाचे ठरलेले ताल) बसवून घेतो. मिरवणुकीच्या दिवशी त्यांना पाणी कुठे द्यायचं, कुणाला कधी बदली द्यायची, हेही तोच बघतो. नेतृत्व ते हेच, पण ते त्या शब्दात नाही, या कामांत दिसतं.

नवी नोंद अशी होईल. भूमिका: ‘ताशावादक, नवोदितांचा प्रशिक्षक’. संस्था: पथकाचं नाव आणि पुढे ‘गणेशोत्सवात वाजवणारं ८० जणांचं वाद्यपथक’. वर्णन: ‘१५ नवोदितांना ५ ताल शिकवले, ४० ढोलांची देखभाल, मिरवणुकीत वादकांच्या बदल्यांचं नियोजन.’ प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहायचं आहे, पण घडण हीच. ‘मी’ नको, पूर्ण वाक्यं नकोत; सुरुवात क्रियापदाने किंवा आकड्याने. अजून चालू असलेलं काम वर्तमानकाळात, संपलेलं भूतकाळात. भूमिकेच्या रकान्यात जे आलं ते वर्णनात पुन्हा लिहून जागा घालवू नका.

तासांचा हिशेब खरा ठेवा

पथकाचा सराव वर्षभर नसतो. गणपतीच्या आधीचे दोनेक महिने आणि उत्सवाचे दिवस धरले तर १० आठवडे, आठवड्याला १२ तास, हा प्रामाणिक आकडा झाला. तिथे ५२ आठवडे लिहू नका. दहाही नोंदींचे तास एकत्र मिळवून पाहा. कॉलेज, क्लास, प्रवास आणि झोप धरून आठवड्यात तेवढे तास उरतात का? अर्ज सादर करताना सगळी माहिती खरी असल्याची सही तुम्ही करता. ती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. पैसे देऊन मिळणारी ‘इंटर्नशिप’ आणि नावापुरतं ‘संशोधन’ यांपासून लांब राहा. मुलाखतीत दोन प्रश्नांतच ते उघडं पडतं.

क्रम आणि संख्या

सर्वात महत्त्वाचं सर्वात वर, मग ते कोणत्याही वर्षाचं असो. महत्त्व ठरवताना किती वर्षं टिकून केलं आणि तुमच्यामुळे काय बदललं, हे दोन निकष पुरतात. दहा जागा आहेत म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. सहा भक्कम नोंदींच्या खाली चार पोकळ नोंदी आल्या की वरच्यांचाही जोर जातो. अकरावीला कॉलेज बदलल्यामुळे शाळेतलं एखादं काम तुटलं असेल तर तेवढ्याच इयत्ता लिहा.

इतर अर्जांचे साचे वेगळे असतात. एमआयटीच्या स्वतःच्या अर्जात चारच उपक्रम मागतात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात २० नोंदी चालतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. म्हणून सगळ्या उपक्रमांची एक मोठी, सविस्तर प्रत स्वतःजवळ ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यातून निवडा.

त्याच प्रतीवरून एका पानाचा बायोडेटाही करा. काही कॉलेजं तो जोडू देतात, शिष्यवृत्त्यांना आणि मुलाखतीला लागतो. पण त्याचा सर्वात मोठा उपयोग शिफारसपत्रासाठी होतो. ते पत्र लिहिणाऱ्या तुमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना तुम्ही वर्गात कसे आहात हे माहीत असतं, पथकातलं किंवा दुकानातलं नसतं. कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने सुरू होतं आणि ‘अर्ली’, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी करायच्या, अर्जांची मुदत पुष्कळ ठिकाणी १ नोव्हेंबर असते. तेव्हा हे पान ऑगस्टमध्येच, सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर येण्याआधी, सरांच्या हातात द्या.