टेक्सासमध्ये विमा एजंटचा परवाना: आपला आपण कसा काढावा

डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांत एक प्रसंग हटकून घडतो. मुलाच्या वाढदिवसाचा केक कापून झालेला असतो, पावभाजीच्या प्लेटा हातात असतात, आणि दोनदाच भेटलेली एखादी वहिनी हळूच बाजूला घेऊन म्हणते, "शनिवारी तासभर वेळ आहे का गं? एक छान संधी दाखवायची होती." ही संधी बहुधा विमा विकण्याची निघते. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "लायसन्सची काळजी करू नकोस, ते आम्ही काढून देतो."

काम वाईट नाही. मीही करते. पण लायसन्स कुणी काढून वगैरे देत नाही. ते राज्य सरकार देतं, तुमच्या नावावर देतं, आणि उद्या तुम्ही कंपनी बदललीत तरी ते तुमचंच राहतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की परवाना आधी स्वतः काढा आणि कुणाबरोबर काम करायचं ते मग ठरवा. हा क्रम उलटा झाला की सही करताना हात दगडाखाली असतो.

देशाचा नाही, राज्याचा परवाना

भारतात ज्यांनी एजंट होण्याचा विचार केला असेल त्यांना आयसी-३८ची परीक्षा माहीत असते. ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास, आणि नियम आयआरडीएआय या देशपातळीवरच्या विमा नियामक संस्थेचे, म्हणजे कोल्हापूरला जे तेच कोलकात्याला. अमेरिकेत तसं नाही. इथे विम्यावर हुकूम राज्याचा.

याचं मूळ बरंच जुनं आहे. सॅम्युएल पॉल नावाचा व्हर्जिनियातला एक एजंट न्यूयॉर्कच्या विमा कंपन्यांच्या पॉलिसी विकायचा. राज्याने परवाना नाकारला, तरी पठ्ठ्याने विकल्या. त्याला ५० डॉलर दंड झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८६९ साली हरला. विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, त्याचं नियमन राज्यांनीच करावं, असं कोर्टाने ठरवलं. १९४४ मध्ये कोर्टाने हे मत फिरवलं, पण दुसऱ्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून लगाम पुन्हा राज्यांच्या हाती दिला. तो आजही तिथेच आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम वेगळा, फी वेगळी. न्यू जर्सीत परीक्षेआधी प्रत्येक विमा प्रकारासाठी २० तासांचा मान्यताप्राप्त वर्ग करावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये घर-गाडी-धंद्याच्या विम्यासाठी तब्बल ९० तास. टेक्सासात वर्गाची सक्तीच नाही. अभ्यास करा आणि थेट परीक्षेला बसा. मी टेक्सासची, म्हणून पुढचं सगळं टेक्सासचं.

सगळ्यात आधी व्हिसा पाहा

हे शेवटी कळलं की फार महागात पडतं, म्हणून आधी. तुम्ही एच-१बीवर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिचंच काम करता येतं. शनिवार-रविवारी पॉलिसी विकून कमिशन घेणं हेही कामच. "कमिशन आहे, पगार थोडाच आहे" हे वाढदिवसाच्या पार्टीत चालतं, इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बीमुळे तुम्ही एच-४वर असाल आणि हातात ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड असेल, तर काम करता येतं. २०१५ पासून ठरावीक अटींवर एच-४ला ही मुभा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना प्रश्नच नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तुम्हाला भरती करायला निघालेल्या माणसाला विचारू नका.

कोणता परवाना

वय १८ पूर्ण हवं. त्यानंतर प्रकार निवडायचा. मुख्य दोन. एक ‘लाइफ, ॲक्सिडेंट, हेल्थ अँड एचएमओ’, म्हणजे आयुर्विमा आणि आरोग्यविमा. दुसरा ‘प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी’, म्हणजे घर, गाडी, दुकान, दायित्व. नुसता आयुर्विमा विकायचा असेल किंवा फक्त घरगुती गाडी-घरापुरतं काम करायचं असेल, तर त्यासाठी छोटे परवानेही आहेत.

आपले बरेच लोक आयुर्विम्याकडे वळतात, कारण पार्टीत तोच दाखवलेला असतो. माझं मत थोडं वेगळं आहे. गाडीचा विमा टेक्सासात कायद्यानेच घ्यावा लागतो. कमीत कमी मर्यादा ३०/६०/२५: एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून ६० हजार, मालमत्तेच्या नुकसानीला २५ हजार. गिऱ्हाइकाला तो हवाच असतो, त्याच्या मागे लागावं लागत नाही. आयुर्विमा मात्र पटवून द्यावा लागतो, आणि पहिली पन्नास गिऱ्हाइकं आपलेच नातेवाईक आणि मित्र निघतात. ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टीचा विचार करावा.

अभ्यास आणि परीक्षा

राज्याचं खातं म्हणजे टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स, सगळे टीडीआय म्हणतात. परीक्षा त्यांच्या वतीने पिअर्सन व्हीयूई घेतं. परीक्षेची रूपरेषा त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पैसे भरून कोर्स घेण्याआधी ती छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यावर खूण करत अभ्यास करा. पास व्हायला ७० गुण हवेत. आयसी-३८च्या हिशेबाने बसलात तर घसराल.

प्रश्न सगळे बहुपर्यायी, पण शब्दांची फिरवाफिरव असते. एक भाग विम्याच्या सर्वसाधारण तत्त्वांचा आणि दुसरा टेक्सासच्या कायद्याचा. लोक पहिल्यावर जीव टाकतात आणि दुसऱ्यात अडकतात. उदाहरणार्थ, कामगारांच्या भरपाईचा विमा खासगी मालकाला टेक्सासात सक्तीचा नाही. बहुतेक राज्यांत आहे. साध्या समजुतीने उत्तर दिलं की चुकलंच.

एक नमुना जवळून पाहू. विमेदाराने अर्जात वय ३८ लिहिलं, प्रत्यक्षात होतं ४१. पाच वर्षांनी तो वारला. कंपनी काय करेल? पॉलिसी रद्द करेल, पूर्ण रक्कम देईल, की प्रीमियम परत करेल? यातलं काहीच नाही. जेवढा प्रीमियम भरला तेवढ्यात ४१ वर्षांच्या माणसाला किती विमा मिळाला असता, तेवढी रक्कम देईल. फसवणुकीच्या मुद्द्यावर पॉलिसीला आव्हान देण्याची दोन वर्षांची मुदत संपली असली तरी वयाची ही दुरुस्ती होतेच. अमेरिकन विद्यार्थी हा नियम पाठ करतात. मला तो पाठ करावा लागला नाही. ज्यांच्या घरात निम्म्या मोठ्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली, त्यांना वयाची चूक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

‘ट्विस्टिंग’ आणि ‘रिबेटिंग’ हे दोन शब्दही नीट समजून घ्या. खोटंनाटं सांगून चालू पॉलिसी मोडायला लावणं आणि नवी गळ्यात मारणं हे ट्विस्टिंग. कमिशनमधले पैसे गिऱ्हाइकाला परत करणं हे रिबेटिंग. लहानपणी आमच्याकडे येणारे एजंट काका चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "पहिल्या हप्त्याचं बघून घेऊ हो." तो प्रकार भारतातही १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ खाली गुन्हाच आहे. इथे तो परवान्यावर बेततो.

परीक्षेची वेळ घेताना नाव टाइप कराल तिथे एक मिनिट थांबा. आपली नावं त्रिपदी. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्या रकान्यात, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर कधी कधी नसतंच. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार, त्याच्यावर आहे तसंच नाव नोंदवा, अक्षरा-अक्षराने. माझ्या एका मैत्रिणीला नावात नवऱ्याचं नाव राहिलं म्हणून दारातूनच परत यावं लागलं. फी गेली, आणि महिनाभर लांबलं.

बोटांचे ठसे आणि अर्ज

पास झालात की ठसे. टेक्सासात ते आयडेंटोगो या केंद्रांवर घेतात आणि राज्य पोलीस खात्यामार्फत एफबीआयपर्यंत तपासले जातात. वेळ घेताना विमा परवान्याचा जो ठरलेला कोड असतो तोच द्या, चुकीच्या कोडवर दिलेले ठसे भलत्याच खात्यात जातात. आणि एक घरगुती सूचना: वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशीनवर पुसट उमटतात. दोन-तीन दिवस आधीपासून हाताला क्रीम लावा, मात्र त्या दिवशी सकाळी लावू नका.

अर्ज ऑनलाइन करायचा, सरकॉन किंवा एनआयपीआर या विमा परवान्यांच्या संकेतस्थळांवरून. टेक्सासात फी ५० डॉलर. सॅम्युएल पॉलच्या दंडाएवढी. परीक्षा पास झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करा, नाहीतर परीक्षा पुन्हा.

अर्जात गुन्ह्यांविषयी प्रश्न असतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस असली तरी ती लिहा, सोबत कोर्टाचे कागद जोडा. एका जुन्या चुकीमुळे परवाना मिळणारच नाही असं नसतं, पण ती लपवली आणि ठशांतून बाहेर आली तर अवघड होतं. लबाडीच्या किंवा विश्वासघाताच्या मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे विमा खात्याची लेखी संमती घेतल्याशिवाय या धंद्यात काम करताच येत नाही.

परवाना मिळाला की सोबत एनपीएन म्हणजे देशपातळीवरचा एजंट क्रमांक येतो. तो आयुष्यभर तुमचा. तुमचं नाव टीडीआयच्या यादीत दिसतं का ते स्वतः शोधून पाहा.

आता कुणाबरोबर काम करायचं

परवाना हातात आला तरी लगेच विकता येत नाही. ज्या कंपनीची पॉलिसी विकायची तिने तुमची नेमणूक, म्हणजे अपॉइंटमेंट करून ती टीडीआयला कळवायची असते. इथे वाढदिवसातल्या वहिनींचा फोन पुन्हा येईल. जरूर बोला, पण करार घरी आणून वाचा. चार गोष्टी विचारा. माझं कमिशन किती टक्के आणि माझ्या वरच्याला किती? गिऱ्हाइकाने पहिल्या वर्षात पॉलिसी सोडली तर दिलेलं कमिशन परत कापून घेणार का, आणि किती? मी सोडून गेले तर माझी गिऱ्हाइकं कुणाची? चुकीच्या सल्ल्याबद्दल खटला झाला तर त्यासाठीचा विमा, ज्याला ई अँड ओ म्हणतात, त्याचे पैसे कोण भरणार? उत्तराऐवजी स्टेजवर चेक घेणाऱ्या जोडप्यांचे फोटो दाखवले, तर नमस्कार करून निघा.

शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसी विकायच्या असतील तर हा परवाना पुरत नाही. त्याला फिनराच्या, म्हणजे शेअर दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या परीक्षा लागतात, एसआयई आणि सीरिज ६.

न्यू जर्सीत एडिसनला राहणारा मावसभाऊ म्हणाला, "तायडे, माझीही पॉलिसी तूच कर," तर थांबा. गिऱ्हाईक ज्या राज्यात, तिथला परवाना लागतो. सुदैवाने टेक्सासच्या परवान्यावर न्यू जर्सीचा अनिवासी परवाना एनआयपीआरवरून फी भरून मिळतो, परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

टेक्सासचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करायचा, आणि तेवढ्यात २४ तासांचं शिक्षण पूर्ण करायचं, त्यातलेच काही तास नीतिमत्तेचे. तास कमी पडले तर प्रत्येक राहिलेल्या तासाला ५० डॉलर दंड. मी दर तीन महिन्यांनी तीन तास उरकते, म्हणजे नूतनीकरणाच्या आठवड्यात रात्री जागावं लागत नाही.