पत्र्याच्या छताखाली फॉइलचा थर स्वतः बसवताना

नवी मुंबईतल्या ऐरोली, कोपरखैरणे भागातील रो-हाऊसच्या गच्चीवर पत्र्याची खोली असेल, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसवत नाही. पंखा लावला तरी तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. मुख्य त्रास तापलेल्या पत्र्यातून थेट अंगावर येणाऱ्या किरणांचा असतो, आणि चकचकीत अॅल्युमिनियम अशा किरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत फिरवते. म्हणून दोन्ही बाजूंना फॉइल आणि मध्ये हवेचे फुगे असलेला रोल या कामासाठी पुरेसा आहे. उघडा थर्माकोल मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी लावू नये, कारण तो झपाट्याने पेट घेतो.

सुरुवात गळती शोधण्यापासून करावी. बाजूला शिडी लावून पाइपने पत्र्यावर पाणी सोडावे आणि आतून कोणीतरी पाहत राहावे. बहुतेकदा बोल्टखालचे रबरी वॉशर तडकलेले आढळतात. ते बदलण्यासाठी सिमेंटच्या पत्र्यावर चढू नये, कारण तो वजनाने अचानक फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे त्याला भोक पाडू नये, तो कापू किंवा घासू नये.

आता मापे. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १२० चौरस फूट लागतात. छताचा उतार आणि जोडांवर एकमेकांवर चढणारा भाग धरून १४० चौरस फूट माल आणावा. सोबत फॉइल टेप, रुंद वॉशर आणि पाऊण-एक इंची सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारे) स्क्रू घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्यामधील मोकळी जागा. पहिल्या खेपेस मी फॉइल पत्र्याला घट्ट चिकटवून बसवले आणि दुपारी फरक जवळजवळ जाणवला नाही, कारण धातूला धातू टेकला की उष्णता सरळ खाली उतरते. सगळे उतरवून पुन्हा करावे लागले. पत्रा ज्या चौकोनी लोखंडी पाइपांवर टेकलेला असतो, त्यांच्या वरून नव्हे तर खालच्या बाजूने फॉइल लावले, की २ इंची पाइपामुळे तेवढीच पोकळी आपोआप मिळते. दोन पाइपांमध्ये ते लोंबू नये म्हणून दीड-दोन फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार आडवी ताणून घ्यावी आणि फॉइल तिच्यावर विसावू द्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. फॉइलमधून वीज वाहते. सोललेली वायर किंवा उघडा जोड त्याला टेकला, तर सगळ्या छतात वीज उतरेल. छतावरील वायरिंग आधी पाइपात घालून घ्यावे आणि दिव्याभोवती फॉइल चार बोटे मागे कापावे.

पट्टे खालच्या कडेपासून वर लावत जावेत. प्रत्येक पट्टा आधीच्यावर दोन-तीन इंच चढवून जोडावरची धूळ कापडाने पुसावी आणि मगच टेप दाबून बसवावी, कारण आपल्याकडच्या दमटपणात धुळीवर लावलेली टेप आठवड्याभरात सुटते. पोकळीच्या खालच्या व वरच्या टोकाला बोटभर फट बाहेरच्या बाजूने उघडी ठेवून तिला जाळी लावावी. तिच्यातून गरम हवा निघून जाते आणि पहाटे पत्र्याखाली जमलेले दवही सुकते.