दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांची हगवण: प्रोबायोटिक, प्रीबायोटिक कधी आणि कसं द्यायचं

आमचं छोटं वराहपालन खटाव तालुक्यात आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर दूध तोडल्यावर लागणाऱ्या हगवणीचा. पिल्लू आईजवळ असतं तोवर दुधातनं त्याच्या आतड्याला संरक्षण मिळत असतं, ते एका दिवसात बंद होतं, वरनं नवीन खाद्य, नवीन कप्पा, दुसऱ्या मादीची पिल्लं, आणि पोटात आम्ल अजून पुरेसं तयार होत नसतं, त्यामुळं सोयापेंडीचं प्रोटीन अर्धंकच्चं खाली जातं आणि ई. कोलाय जंतूंचं फावतं. पहिले दोन आठवडे लय जपायचे.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस, यीस्ट वगैरे. प्रीबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंचं खाणं, जसं इन्युलिन, एफओएस (दोन्ही वनस्पतीतले न पचणारे तंतू). एमओएस पण यातच धरतात, ते यीस्टच्या आवरणापासनं बनतं आणि काही वाईट जंतू आतड्याला चिकटायच्या ऐवजी त्यालाच चिकटून शेणावाटे बाहेर जातात.

आता मुख्य गोष्ट. हगवण लागल्यावर पुडी आणायला पळू नका, तोडायच्या ७ दिवस आधीपासनं क्रीप फीडमधे (आईजवळ असतानाच पिल्लांना वेगळं टाकतो ते खाद्य) चालू करा आणि तोडल्यावर निदान १४ दिवस रोज द्या, एक दिवस पण खाडा नको. चांगल्या जंतूंनी आधी जागा धरली तरच उपयोग होतो.

प्रमाण पाकिटावर असतं तेच घ्यायचं, पण अंदाज असावा म्हणून सांगतो, बॅसिलसवालं साधारण १ किलो खाद्यात १०० कोटी जिवंत जंतू पडतील असं देतात, आणि एमओएस १०० किलो खाद्याला १०० ते २०० ग्रॅम. एवढीशी पावडर थेट गोणीभर भरड्यात टाकली तर एका पिल्लाला सगळी आणि दुसऱ्याला काहीच नाही असं होतं. म्हणून आधी घमेल्यात १ किलो मक्याच्या पिठात कालवायची, मग ते १० किलोत, मग सगळ्यात.

कडकडीत दुधात आपण विरजण घालत नाही ना, तसंच लॅक्टोबॅसिलस गरम खाद्यात घालायचं नाही, मरतं. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सोसतात, म्हणून खाद्याचे पेलेट (गरम वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या) करणार असाल तर तेच बघा. पाण्याची चूक मी स्वतः केलीय, पहिल्या वेळेला पुडी टाकीत सोडली आणि त्याच सकाळी टाकीत टीसीएल पावडर टाकलेली, क्लोरीननं जंतू जगणार कसे, आठवड्यात ९ पिल्लं पातळ हगत होती. तेव्हापासनं बोअरचं साधं पाणी वेगळ्या बादलीत घेतो आणि त्यातच कालवून लगेच पाजतो. अँटिबायोटिक चालू असेल तर त्यानंपण हे जंतू मरू शकतात, डॉक्टरांना विचारूनच द्या. आणि कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक कुणी खाद्यात घालायला सांगितलं तर ऐकू नका, २०१९ पासनं जनावरांसाठी त्याला बंदी आहे.

पुडीनं सगळं होणार नाही हेपण तेवढंच खरं. कप्पा कोरडा पाहिजे, आमच्याकडं माणदेशी वारं थंडीत रात्री लय गार असतं, त्यामुळं तोडलेल्या पिल्लांना पहिला आठवडा बल्ब आणि खाली पेंढा लागतोच. खाद्य थोडं थोडं, दिवसातनं ५-६ वेळा. प्रोटीन १८ टक्क्यांच्या आसपासच ठेवा, जास्त पेंड घातली की वाढ होण्याऐवजी हगवणच वाढते. हॉटेलचं खरकटं या वयात तर अजिबात नको, त्यातनं स्वाईन फिव्हर यायची भीती असते.

रोज सकाळी खाद्य टाकायच्या आधी शेपटीखाली बघा. ओलं, पिवळसर चिकटलेलं दिसलं, पिल्लू कुबड काढून कोपऱ्यात उभं असलं तर त्याला त्याच वेळी बाजूला काढा आणि मीठ-साखरेचं पाणी पाजायला लागा, कारण पिल्लू पाणी कमी झाल्यानंच जातं. रक्त पडलं, ताप आला किंवा एक जरी दगावलं तर प्रोबायोटिकच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टर बोलवा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मेलेलं पिल्लू पुरायच्या आधी शवविच्छेदनाचं तिथं किंवा तालुक्याच्या दवाखान्यात विचारून घ्या.