रात्री गाडी चालवताना या चुका टाळा: अप्परला अप्पर हे उत्तर नव्हे

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. कराडहून विट्याकडे निघालो होतो, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. कडेगावच्या अलीकडे समोरून एक गाडी पूर्ण अप्परवर, म्हणजे हाय बीमवर आली. मी दोनदा डिप्पर दिला, म्हणजे दिवे क्षणभर चमकवून इशारा केला, पण तो काही दिवे खाली घेईना. तिसऱ्यांदा मीही अप्पर लावला आणि रागाने तसाच ठेवला. गाडी बाजूने निघून गेली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा गोळा तरंगत होता. तो विरतोय न विरतोय तोच शेजारून बायको ओरडली, "अहो, ट्रॉली!"

पुढे ट्रॅक्टर, त्याला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मोळ्यांची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि त्या टोकांमध्ये दोन हात अंतर राहिलं होतं. मागच्या सीटवर मुलगी झोपेत होती, तिला काही कळलंही नाही.

ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरं. पण त्या चार सेकंदांत मी रस्ता बघत नव्हतो, मी भांडत होतो. रात्रीच्या प्रवासातल्या बहुतेक चुका मला आता अशाच दिसतात. रस्ता बघायला दिलेला दिवा आपण समोरच्याला धडा शिकवायला वापरतो.

अप्परला अप्परने उत्तर देणे

दोन्ही गाड्या ताशी ७० किलोमीटरने येत असतील, तर त्या एकमेकींकडे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटरने धावत असतात. समोरचा आंधळा झालेला आहेच, त्यात तुम्ही त्याला आणखी आंधळं करता. गाडी भरकटली तर तो तुमच्याच अंगावर येणार आहे. शिवाय प्रखर उजेड गेल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ घेतात. तीन सेकंद जरी धरले, तरी ७० च्या वेगात तुम्ही ५८ मीटर काहीही न दिसता गेलात. वय वाढतं तसा हा वेळही वाढतो. पन्नाशीनंतर "मला पूर्वी त्रास व्हायचा नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत.

करायचं काय? डिप्पर एकदा द्या, फार तर दोनदा. नाही ऐकलं तर सोडून द्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि नजर समोरच्या दिव्यांवरून हलवून रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणा. आतल्या रस्त्यांवर पट्टी नसते, तिथे डांबर संपून साइडपट्टी सुरू होते ती कड धरा. मात्र नजर कडेवर असली तरी गाडी कडेला नेऊ नका. त्याच कडेने लोक चालत असतात, आषाढीच्या आधी तर दिंड्याच्या दिंड्या.

सगळेच तुम्हाला डिप्पर मारतात?

तुम्ही डिप्परवर, म्हणजे दिवे खाली (लो बीमवर) ठेवून चाललात, तरी समोरून येणारी दर दुसरी गाडी तुम्हाला डिप्पर मारते. अशा वेळी लोकांना दोष देऊ नका, दोष तुमच्या दिव्यांत आहे. तो शोधणं अवघड नाही.

आधी बघा, गाडीत मागे किती वजन आहे. मागे तीन माणसं बसली, डिकीत गव्हाचं पोतं आणि बॅगा टाकल्या की गाडीचं नाक वर उठतं, त्याबरोबर उजेडही वर जातो. म्हणजे डिप्पर असूनही समोरच्याला तो अप्पर लागतो. यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ असे आकडे असलेली छोटी चकती असते. सहसा ० म्हणजे बीम सर्वांत वर, एकटा चालक असतानासाठी. वजन वाढेल तशी चकती वरच्या आकड्यावर न्यायची. कोणत्या वजनाला कोणता आकडा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. गावाकडे जाताना आपण टायरची हवा आठवणीने बघतो, या चकतीला हात लावणारा मात्र मला क्वचितच भेटला आहे.

चकती बरोबर असूनही तक्रार राहिली तर भिंतीची परीक्षा घ्या. सपाट जागी गाडी भिंतीला अगदी जवळ उभी करा, डिप्पर लावा, उजेडाची वरची रेघ जिथे दिसते तिथे खडूने खूण करा. मग सरळ मागे १० मीटर या. बहुतेक हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली १% असा काहीसा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ असा की १० मीटरवर ती रेघ खुणेपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवी. रेघ खुणेवर किंवा तिच्या वर असेल तर मेकॅनिककडून दिव्यामागचा स्क्रू फिरवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि बल्ब. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब घालणं ही आपल्याकडची सर्वांत पसरलेली चूक. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट नेमकं कुठे आहे त्यावर ठरलेला असतो. प्रकाशाची जागा थोडी सरकली की उजेड सगळीकडे फुटतो. तुम्हाला बॉनेटसमोर झगझगीत दिसतं म्हणून छान वाटतं, लांबचं मात्र उलट कमी दिसतं. हॅलोजनचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर/डिप्पर) असतो. त्याच्या जागी १००/९० चा घातला तर होल्डर आणि वायरिंग वितळायची भीती असते. उजेड कमी वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या आणि चालकासमोरची काच आतून पुसा. आतला तेलकट थर दिवसा दिसत नाही, समोरून दिवे आले की त्यावर उजेड पसरतो.

दिव्यापेक्षा गाडी पुढे पळवणे

डिप्परवर काळी, बिनदिव्याची वस्तू साधारण ५०-६० मीटरवर दिसते, कधी त्याहूनही जवळ आल्यावर. ताशी ८० ने जाताना दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-३६. म्हणजे एकूण जवळजवळ ७० मीटर. ट्रॉली दिसली त्याच क्षणी धडक ठरलेली असते. ६० ने हेच अंतर ४५ मीटरवर येतं. कारखाने चालू असतात तेवढे महिने कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात रात्री मी ६० च्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देतो.

दिव्याचा अर्थ आपल्या सोयीने लावणे

समोर एकच दिवा दिसला म्हणजे दुचाकी, असं धरून कधीही ओव्हरटेक करू नका. एक बल्ब गेलेला टेम्पो तसाच दिसतो, आणि तो दिवा त्याचा डावा असेल तर उरलेली गाडी तुमच्या बाजूला असते. तसंच ट्रकच्या इंडिकेटरचं. "जा पुढे" म्हणून कोणी डावा देतो, कोणी उजवा, आणि कोणी खरोखरच वळत असतो. चौकात कोणी डिप्पर मारला तर तो "तू जा" म्हणतोय की "मी येतोय, थांब", हे त्याचा वेग कमी झाल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे बहुधा दुसराच अर्थ असतो.

घाटात धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळताय ते कोणालाच कळत नाही.

मागे लागलेल्याशी हुज्जत घालणे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उजव्या लेनमध्ये तुम्ही १०० ने चाललाय आणि मागचा अप्पर मारत बंपरला चिकटलाय. तो चूक आहेच. पण ओव्हरटेक झालं असेल तर उजव्या लेनमध्ये तुमचंही काही काम नाही. इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या. तोवर आतल्या आरशाखालची कळ दाबा, म्हणजे मागचा उजेड मंद होतो. त्याला घाबरवायला मध्येच ब्रेक मारणं हा वेडेपणा आहे. तो इतका जवळ असतो की त्याला थांबायला जागाच नसते, आणि मागे तुमची मुलं बसलेली असतात.

पुढे जाऊन त्याने गाडी आडवी घातली किंवा पाठलाग सुरू केला, तर उतरू नका. काचा वर, दारं लॉक, नजरेला नजर नको. घराकडे तर मुळीच वळू नका, त्याला तुमचा पत्ता कळेल. टोलनाका, गर्दीचा पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकी गाठा. शेजारी बसलेल्याने ११२ ला फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे. फोनवर गाडीचा नंबर, रंग, कोणत्या दिशेने चाललात आणि शेवटचा किलोमीटरचा दगड कोणता गेला ते सांगा. "घाटाच्या जवळ" एवढ्यावर कोणी लवकर पोचू शकत नाही.

त्या रात्री ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होतो. विशी-बाविशीचा पोरगा होता. म्हणाला, "दादा, वायर हाय की, पर उसात अडकून तुटती दरवेळी." खाली उतरून मागे आला, माझ्या गाडीचं बॉनेट कुठे थांबलंय ते बघितलं, आणि काही वेळ काहीच बोलला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून मोबाइलच्या उजेडात वायर जोडली. एक दिवा लागला, दुसरा नाही. आता हंगामात माझ्या डिकीत लाल रेडियमच्या पट्टीची गुंडाळी असते. चहाच्या टपरीवर बिनदिव्याची ट्रॉली उभी दिसली की विचारतो, आणि मागच्या फळ्यावर आडवी पट्टी लावून देतो. अजून एकानेही नको म्हटलेलं नाही.