स्पायवेअर काढल्यानंतर बंद पडलेले इंटरनेट सुरू करताना

स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्राम) निघून गेले, अँटिव्हायरसने तसा निर्वाळाही दिला, तरी एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये. बहुतेकदा दोष मागे राहिलेल्या सेटिंगमध्ये असतो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत, 'ping 8.8.8.8' (इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला हाक) ही आज्ञा द्यावी. उत्तर आले, तर वायर आणि राउटर ठीक आहेत. मग प्रॉक्सीची, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थाची, सेटिंग पाहावी. तिथे आपण न घातलेला 127.0.0.1 हा पत्ता (म्हणजे आपलाच संगणक) दिसला, तर ब्राउझर अजूनही पुसल्या गेलेल्या स्पायवेअरमार्फतच पाने मागतो आहे, हे ओळखून प्रॉक्सी बंद करावी. त्यानंतर डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडावा. ही पायरी गाळू नये: डीएनएसची सेटिंग बदलणाऱ्या डीएनएसचेंजर या घातक प्रोग्रामची बाधा झालेल्या संगणकांसाठी अमेरिकेत तात्पुरते चालवलेले सर्व्हर 9 जुलै 2012 रोजी बंद झाले, तेव्हा ही सेटिंग न बदललेल्या संगणकांचे इंटरनेट खुंटले.

सर्वांत चकवणारा बिघाड विन्सॉकचा, म्हणजे प्रोग्राम आणि नेटवर्क यांना जोडणाऱ्या विंडोजच्या भागाचा. काही स्पायवेअर, विशेषतः जुन्या विंडोजवर, नेटवर्कच्या साखळीत स्वतःचा दुवा ओवतात. पुढे फाइल पुसली जाते, पण तिची नोंद तशीच राहते आणि साखळी तुटते. अशा वेळी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'netsh winsock reset' ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. या आज्ञेने व्हीपीएनसारख्या प्रामाणिक प्रोग्रामच्या नोंदीही जाऊ शकतात, तेव्हा ते पुन्हा टाकण्याची तयारी ठेवावी.